अंबूबाईचा पाचवा ‘का’

अंबूबाई लाड ही बाई लय मायाळू व्हती असं कुणी तुमाला सांगितलं तर समजा, त्यो माणूस तिच्या तावडीत कवा सापडलेला न्हाई. मी सापडलोय. मी सयाजी, कुपवाडच्या एका प्रेस शॉपमधी फिटर, मशिनं दुरुस्त करतो, बारा वर्षं झाली. ट्रॅक्टरचं पत्र्याचं सुटं भाग आमी ठोकून काढतो. अठरा पॉवर प्रेस, साठ माणसं, अन् दिवसभर असा धडधडाट की घरी गेल्यावर बायको काय बोलती ते बी मला ऐकू येत न्हाई. ती म्हणती, मुद्दामच. तर ह्या साठ जणांत स्क्रॅप उचलणारी एक बाई, वय बावन्न, हातात कायम लोखंडी आकडा, अन् आख्खी कंपनी तिला टरकून असायची. सुपरवायझर तिच्या वाटंतनं बाजूला व्हायचा. मी खोटं कशाला बोलू, मी बी व्हायचो.

ती मूळची पलूसच्या अंगच्या एका गावची. नवरा फौजेत. त्यो तिकडं बर्फात असताना हिकडं दिरानं उसाचा बांध कोरायला घेतला. बाईनं त्येला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं न्हाई, खोऱ्याच्या दांड्यानं त्येचा हात कोपरातनं मोडला, अन् ट्रॉलीत घालून स्वतःच दवाखान्यात नेला. फौजदारानं विचारलं, का मारलं? ती म्हणाली, बोलून झालं व्हतं. पुढं पोरगा बी फौजेत गेला, नवरा रिटायर होऊन शेतात रमला, अन् दिराचं तोंड रोज बघायला नको म्हणून हिनं बामणोलीत खोली घेतली. संगं सून आणली, श्रद्धा. आयटीआय झालेली, गप्प पोरगी. सकाळी श्रद्धा स्कूटी चालवायची अन् सासू मागं आकडा घेऊन बसायची. त्या दोघी गेटात शिरल्या की तंबाखू मळणारे हात खिशात जायचे.

चार वर्षांमागं मालकाचा पोरगा वीरधवल शिकून परत आला अन् त्येनं पुण्यासनं एक साहेब आणला, सौमित्र नावाचा. पांढरा शर्ट, मऊ आवाज, माणूस वाईट नव्हता. त्येनं आमाला लीन शिकवलं. लीन म्हंजे फुकाचं जे जे असंल ते काढून टाकायचं. फुकाचं चालणं, फुकाचं थांबणं, फुकाचा साठा. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारल्या, भिंतीवर मोठा बोर्ड लागला, साठ जणांना निळं टी-शर्ट मिळालं. कशात खोट दिसली तर तिथं लाल फडकं बांधायचं, मग ती वस्तू दुरुस्त झाल्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाई. अन् काय बी बिघडलं तर पाच वेळा ‘का’ विचारायचं. पहिल्या ‘का’ला माणूस सबब सांगतो, म्हणं, पाचव्याला खरं बोलतो. आमी मागं बसून हसत व्हतो. अंबूबाई तेवढी पुढं मांडी घालून ऐकत व्हती. शेवटी उठून म्हणाली, “साहेब, हे तर मी लगीन झाल्यापासनं करतीया. तुमी फकस्त त्येला नाव दिलं.”

पण आमच्या नशिबानं तिला नाव मिळालं अन् परवाना बी मिळाला. स्क्रॅपच्या पेटीत कुणी गुटख्याची पिचकारी मारली तर ती त्येची मानगूट धरून विचारायची, का? थुंकायला जागा न्हाई म्हणून. जागा का न्हाई? डबा भरलाय. का भरलाय? असं करत चौथ्या ‘का’ला त्या गड्यानं तिला शिवी हासडली, तर तिनं त्येचं कपाळ त्याच पेटीच्या काठावर आपटलं. तीन टाके पडले. वीरधवलनं तिला केबिनमधी बोलावून समज दिली, अन् पेटीत परत कवा पिचकारी पडली न्हाई. सौमित्र साहेब हबकला व्हता. त्येच्या पुस्तकात असलं काय नसणार.

आता माझं सांगतो. सांगायची लाज वाटती, पण तेच सांगायला बसलोय.

पॉवर प्रेसचं मोठं चाक सारखं फिरत असतं. पायडल मारलं की एक चावी चाकात अडकती, डाय म्हंजे वरचा साचा एकदा खाली येती, पत्रा कापती अन् वर जाती. वर गेली की चावी सुटली पाहिजे. ती सोडवायला एक स्प्रिंग असती, अंगठ्याएवढी. ती स्प्रिंग मेली तर चावी सुटत न्हाई, कवा कवा आपसूक अडकती बी, अन् पायडल न मारता डाय दुसऱ्यांदा खाली येती. आमी त्येला ‘डबल मारणं’ म्हणतो. बघा, पहिल्या ठोक्यानंतर माणूस कापलेला पत्रा काढायला हात आत घालतो. दुसरा ठोका तवाच येतो.

तीन नंबरच्या प्रेसची स्प्रिंग ढिली पडली व्हती. बदलायची तर अडीच तास प्रेस बंद ठेवून सगळं खोलायला लागतं. मी काय केलं, स्प्रिंगच्या मागं दोन वायसर सरकवले. स्प्रिंग परत ताठ झाली. पाच मिनिटांत काम. वीरधवलनं माझ्या पाठीत थाप मारली अन् म्हणाला, “हेच कायझेन, बिनखर्चाची सुधारणा. याचाच फॉर्म भर.” सौमित्र साहेबानं तेवढं विचारलं, “हे कायमचं आहे की तात्पुरतं?” मी म्हणालो, कायमचं. बोर्डावर माझा फोटो लागला. महिन्यातली सगळ्यात चांगली सुधारणा म्हणून मला कुकर दिला. साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या, अन् सगळ्यात जोरात कुणी वाजवल्या असतील तर अंबूबाईनं. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. नवव्या वर्षी माझं कुणीतरी नाव घेतलं व्हतं, साहेब लोकांच्या तोंडानं. मी घरी जाऊन बायकोला तीनदा तीच गोष्ट सांगितली.

पुढच्या महिन्यात सौमित्र साहेबाचं वर्षाचं कंत्राट संपलं अन् त्यो गेला. दोन महिन्यात पिवळ्या पट्ट्यांवर माल रचला गेला. लाल फडकी पुसायला वापरली. बोर्डावर माझा फोटो तेवढा राहिला, धूळ खात. स्प्रिंग बदलायची हे मला रोज सकाळी आठवायचं, अन् रोज वाटायचं, ज्या कामाला कुकर मिळाला त्येच्यात खोट हाय हे कुठल्या तोंडानं सांगू. मग चहा व्हायचा अन् दुसरं काम यायचं.

त्या तीन नंबरवर गुंडा काम करायचा. विट्याकडचा पोरगा, तिशीचा. त्येचे दोन भाऊ लांब कुठं सोनं गाळायच्या धंद्यात हायत. ह्येला भट्टीचा धूर सोसला न्हाई म्हणून ह्यो कुपवाडला राहिला. हात असा चपळ की बघत बसावं. एका मंगळवारी सकाळी साडेदहाला मी शेजारच्या चार नंबरचं तेल बघत व्हतो. ठोका ऐकला. अन् त्येच्या मागोमाग दुसरा ठोका ऐकला. दुसऱ्याचा आवाज वेगळा व्हता, ओला. गुंडा ओरडला न्हाई. त्यो हात वर धरून बघत राहिला. अंगठा व्हता, बाकीची चार बोटं डायखाली राहिली व्हती, अन् पंज्यातनं रक्त असं उडत व्हतं की समोरच्या पत्र्यांची चळत लाल झाली. मग त्येला कळलं, अन् मग जे ओरडला ते मला अजून प्रेशर कुकरची शिट्टी झाली तरी ऐकू येतं. अंबूबाई धावत आली, तिनं स्वतःचा पदर फाडून त्येचा हात कोपरापाशी आवळला, अन् मला म्हणाली, “बोटं गोळा कर.” मी केली. पिशवीत बर्फ घालून नेली, पण ठेचलेली बोटं जोडत न्हाईत.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर कागद लागला. कारण: कामगाराचे दुर्लक्ष. उपाय: कामगारास समज दिली. ती समज गुंडाला कवा दिली, आपरेशनच्या आधी का नंतर, ते देवाला ठाऊक.

मी त्या रात्री एकटाच मागं थांबून स्प्रिंग बदलू शकलो असतो. बदलली न्हाई. बदलली असती तर कुणी विचारलं असतं, आता का बदलली? त्येच्याऐवजी मी दुसरंच केलं. तीन नंबरनं दोन वर्षांमागं बी एकाचा अंगठा घेतला व्हता. माणसं बोलायला लागली, प्रेस रक्त मागतीया. अन् मीच म्हणालो, व्हय, मागतीया. तिला कोंबडं देऊ.

आमच्याकडं खंडेनवमीला मशिनीला नारळ देतात, डायखाली लिंबू कापतात, त्यात काय वावगं न्हाई. पण कोंबडं म्हणल्यावर सगळ्यांच्या जिवात जीव आला. महिन्याभरानं, अमावस्येच्या शनिवारी दुपारी शिफ्ट सुटताना मी मिरजेच्या बाजारातनं तांबडा कोंबडा आणला. प्रेसला हळदकुंकू लावलं, उदबत्ती लावली. हिचा घास हिनंच घ्यायचा, म्हणून आमी कोंबड्याची मान डायखाली धरली. धरली मीच. पायडल बी मीच मारलं. डाय आली, मुंडकं उडालं, अन् पायडलवरनं माझा पाय निघाला तरी डाय परत आली अन् मानेचा उरलेला तुकडा बी चेचून गेली. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर आली. पोरं खूश झाली. म्हणाली, दोनदा घास घेतला, पावली. सगळ्यांनी हात जोडले. मी बी जोडले. त्या साठ जणांत मला एकट्याला ठाऊक व्हतं की काय झालं.

एकट्याला असं मला वाटलं. अंबूबाई प्रसाद घ्यायला थांबली न्हाई. ती प्रेसला खेटून उभी राहिली अन् त्या दुसऱ्या तुकड्याकडं बघत राहिली.

सोमवारी सकाळी तिनं मला पेट्यांमागं गाठलं. तिच्या हातात एक पोतं व्हतं. त्यातनं तिनं पत्र्याचं तुकडं काढून जमिनीवर मांडलं. प्रत्येकाच्या कडेला एक काप असायला पायजे. ह्यांना दोन व्हते, केसभर सरकून. स्क्रॅप उचलताना तिनं पंधरा दिवस निवडून ठेवले व्हते, सगळे तीन नंबरचे.

“हे का झालं, सयाजी?” ती म्हणाली.

“पोरं पायडल दाबून धरत्यात.”

“कोंबड्याच्या टायमाला तू पाय काढलावतास. मी बघत व्हते. मग डबल का मारली?”

“देवाला ठाऊक.”

“देवाला मी नंतर विचारते. तू फिटर हायस, तू सांग.”

मी तिला म्हणालो, तू स्क्रॅप उचल, मशिनीचं मला शिकवू नगंस. तिनं आकडा उगारला. मी त्यो धरला अन् तिला ढकलली. ती पेटीवर आदळली, भुवईपाशी फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं. बावन्न वर्षांच्या बाईवर मी हात टाकला. असा राग मला कवा आला नव्हता, अन् त्यो राग तिच्यावर नव्हता हे मला तिथंच कळलं व्हतं. ती उठली, पदरानं डोळा पुसला, अन् तीन नंबरला जाऊन लाल फडकं बांधलं.

दहा मिनिटांत वीरधवल आला. शनिवारी पाच हजार नग पाठवायचे व्हते. त्येनं फडकं ओढून काढलं. अंबूबाईनं पोतं त्येच्या पायापाशी रिकामं केलं. त्येनं बघितलं, खोटं कशाला बोलू, नीट वाकून बघितलं. मग मला विचारलं, “सयाजी, प्रेस ठीक आहे ना?”

मी म्हणालो, “ठीक हाय.”

“शनिवार होऊन जाऊ दे, मग बघू,” त्यो म्हणाला. अन् जाता जाता सुपरवायझरला सांगितलं, “गुंडाच्या जागी तीन नंबरला त्या श्रद्धाला बसवा. हात हलका आहे तिचा.”

त्येनं ते मुद्दाम केलं का सहज, मला आजपतुर ठाऊक न्हाई. पण अंबूबाईचं तोंड मी बघितलं. दिराचा हात मोडताना ती कशी दिसली असंल ते मला तवा समजलं.

श्रद्धा म्हणाली न्हाई की मी बसत न्हाई. तिला कायम व्हायला चार महिने उरले व्हते. ती स्टुलावर बसली, बांगड्या मागं सारल्या, पहिला पत्रा आत सरकवला. ठोका. हात आत, नग बाहेर. परत पत्रा, परत ठोका. सासू आकडा टाकून तिच्या मागं उभी राहिली. दर ठोक्याला अंबूबाईचा खांदा उडत व्हता. मी चार पावलांवर पाना धरून उभा. माझी नजर त्या पोरीच्या बोटांवरनं हलत नव्हती. असं किती वेळ चाललं असंल, शंभर नग झाले असतील. तेवढ्यात अंबूबाईनं सुनेचा दंड धरला अन् तिला स्टुलावरनं असं उपसून फेकलं की पोरगी पिवळ्या पट्टीवर जाऊन पडली. अन् मग ती माझ्याकडं आली.

डाव्या हातानं तिनं माझी गच्ची धरली, उजव्यानं मनगट. मी रोज लोखंड उचलणारा गडी, पण त्या पकडीतनं हात सुटंना. ती मला ओढत तीन नंबरपाशी घेऊन गेली अन् माझा हात डायखाली घातला. मनगटापतुर. वर चाक फिरत व्हतं. साठ माणसं जिथल्या तिथं थांबली, एकेक प्रेस बंद पडत गेली. गेटवरनं गुंडा बी आत आला व्हता. बोटं गेल्यावर त्येला वॉचमनची खुर्ची दिली व्हती.

“पायडलवर कुणाचा पाय न्हाई,” अंबूबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “कोंबडं खाऊन शांत झालीया म्हणतोस न्हवं? मग ऱ्हाऊ दे हात. सांग. गुंडाचा हात का गेला?”

वीरधवल धावत आला. “सोड त्याला, बाई. मी पोलिसांना बोलावतो.”

“बोलवा. तवर हा सांगंल. गुंडाचा हात का गेला?”

“डबल मारली,” मी म्हणालो.

“का?”

“चावी सुटली न्हाई.”

“का?”

माझ्या हाताला वरच्या डायचं थंड लोखंड लागत व्हतं. माझी विजार ओली झाली. सांगतो हे बी, सगळ्यांनी बघितलं.

“स्प्रिंग मेलीया. मी तिच्या मागं वायसर घातलेत. दोन.”

गुंडाच्या तोंडातनं आवाज आला, बैलाच्या छातीतनं येतो तसा. अंबूबाईनं तिकडं बघितलं न्हाई.

“माहीत व्हतं तर बदलली का न्हाईस?”

मी रडायला लागलो. “टाळ्या पडल्या व्हत्या,” मी म्हणालो. “सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमी कुंकू लावलं. मग कसं सांगायचं?”

तिची पकड ढिली झाली. तिच्या फुटक्या भुवईखाली त्यो डोळा माझ्याकडं बघत व्हता अन् त्यात पहिल्यांदाच मला भीती दिसली. साठ माणसं पायाकडं बघायला लागली. वीरधवल बी. मी हात ओढून घेतला अन् मागं पडलो. मी पडलो, श्वास घेतला, अन् डाय खाली आली. आपोआप. पायडलवर कुणाचा पाय नव्हता, प्रेसच्या जवळ कुणी नव्हतं. आत पडलेला पत्रा तिनं कापला, वर गेली, परत आली अन् परत कापला. मग वर जाऊन थांबली.

वीरधवलनं स्वतः जाऊन मेन स्विच बंद केला.

मग गुंडा माझ्यावर आला. डाव्या हाताची मूठ व्हती, पण उजव्या हाताचा जो थोटा राहिला व्हता त्येनं बी त्यो मारत व्हता, स्वतःला लागतंय ह्येचं भान नव्हतं त्येला. माझा पुढचा दात गेला, नाक फुटलं, बरगडीत काहीतरी मोडल्याचा आवाज मला आतनं ऐकू आला. कुणी सोडवलं न्हाई, अन् बरं केलं. मी हात वर केला न्हाई. लय वेळानं अंबूबाई म्हणाली, “बास गुंडा. स्प्रिंग ह्येलाच बसवायचीया.”

मी बसवली. एक डोळा सुजून बंद, बरगडी धरून. अडीच तास लागले. वायसर काढून बोर्डावर ठेवले, माझ्या फोटोखाली. साठ माणसं घरी न जाता उभी व्हती. मी पुसून उभा राहिलो अन् म्हणालो, झालं. श्रद्धा स्टुलाकडं निघाली. अंबूबाईनं तिला हातानं अडवलं अन् मला म्हणाली, “तू बस. दुरुस्त केली त्येनंच पहिले शंभर काढायचे.”

मी स्टुलावर बसलो. पायडल मारायला पाय हलंना, खरंच हलंना. तवा गुंडा पुढं आला. “पायडल मी मारतो,” म्हणाला.

त्येनं पायडल आपल्याकडं ओढून घेतलं अन् माझ्या शेजारी उभा राहिला. मी पत्रा आत सरकवला, हात काढला. त्येनं ठोका मारला. मी हात आत घातला, नग काढला. परत पत्रा. दहा झाले, वीस झाले. चाळीसच्या पुढं कुठंतरी एक पत्रा डायला चिकटला. बोटं आतच अडकली माझी, निघंनात. मी वर बघितलं. गुंडाचा पाय पायडलवर व्हता, टाच उचललेली, अन् त्यो माझ्याकडं बघत व्हता. नुसता वजन टाकायचा अवकाश. मी त्येला म्हणालो न्हाई की थांब. मला तो हक्क नव्हता. मग त्येनं पाय बाजूला घेतला अन् मी पत्रा सोडवेपतुर वाट बघितली.

शंभर झाले. डबल एकदा बी मारली न्हाई. गुंडा म्हणाला, “रोज कर,” अन् गेटाकडं निघून गेला.

आठ दिवसांनी अंबूबाईला पत्र आलं. सहकाऱ्यावर जीवघेणा हल्ला, म्हणून कामावरनं कमी. त्येच्यासाठी माझा जबाब लागत व्हता. वीरधवलनं टाईप करून आणला व्हता. ‘माझा हात मशीनमध्ये घालून जिवे मारण्याची धमकी दिली.’ खोटं त्यात काय बी नव्हतं, फक्त पाच ‘का’ नव्हते. मला दोन पोरं हायत, अन् वायसरचं प्रकरण कंपनीबाहेर कुणाला कळणार न्हाई असं त्येनं सांगितलं. मी सही केली. अंबूबाई खाली मान घालून पत्र घेऊन गेली न्हाई, ती माझ्यापाशी आली अन् बरगडी बरी हाय का विचारलं. मला वाटलं आता मारंल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती आता गावाकडं असती, दिराच्या शेजारी.

हात आत जाऊ नये म्हणून तीन नंबरला जाळी पुढच्या महिन्यात बसली, मग बाकीच्या प्रेसना बी. बोर्डावरचे कागद परत पिवळे पडलेत, नवीन साहेब येणार म्हणत्यात, परत टी-शर्ट मिळतील. ती एक गोष्ट मात्र सुरू हाय, कुणी कुठं लिहिलेली न्हाई तरी. ज्यानं दुरुस्त केली त्येनंच पहिले शंभर काढायचे. अठरा प्रेस हायत, रोज कशाला ना कशाला हात लागतोच, म्हंजे रोज सकाळी मी कुठल्या तरी स्टुलावर असतो, जाळी उघडून, साच्यात बोटं घालून. गुंडा विट्याला परत गेला. पायडलवर आता श्रद्धा असती. ती कायम झाली. माझी सही तिनं बघितलीया, जबाबाची झेरॉक्स तिच्या सासूच्या पत्राला जोडलेली व्हती. ती पायडलवर पाय ठेवती, माझ्याकडं बघती, अन् मी हात आत घालतो.